ताईचा दम

आमच्या लॅबमध्ये 'दम धर' ही समजूत घालायची बोली नव्हती, तो हुकूम होता. ताई कोमट पाण्याच्या भांड्यापाशी उभी राहून 'दम धर' म्हणाली, की आसपासच्या सगळ्यांनी खरोखर श्वास रोखायचा. शिंक येत असेल तर बाहेर जायचं. पंखा त्या खोलीत कायमचा बंद. घामाने अॅप्रन पाठीला चिकटला तरी पंखा लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक मोठे डॉक्टर बोलत बोलत आत आले. ताईने मान वर न करता त्यांनाही तोच हुकूम सोडला आणि ते उघड्या तोंडाने तसेच उभे राहिले. मी तेव्हा नवीन होते. हसू आवरता आवरता माझाच श्वास सुटला आणि ताईची अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात गेली, अगदी शब्दशः.

काम काय होतं ते आधी सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे यायचा. आम्ही त्यातलं पाणी काढून त्या जागी वितळलेलं मेण मुरवायचो आणि थंड करून त्याचा ब्लॉक बनवायचो, अर्ध्या काडेपेटीएवढा. ब्लॉक मशीनला लावून चाक फिरवलं की पात्यावरून काप सुटायचे. ते एकाला एक चिकटून त्यांची पट्टी व्हायची. ती पट्टी कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काचेची स्लाइड घालून अलगद उचलायची. पंधरा-वीस काप एकावर एक ठेवावेत तेव्हा कुठे एका केसाची जाडी होते. अशा कापावर कुणी नुसता उसासा टाकला तरी घडी पडते आणि ती पुन्हा उलगडत नाही. पुढे तो काप रंगवून डॉक्टरांपुढे जातो आणि त्यावरून माणसाचं काय खरं नि काय खोटं ते ठरतं.

ताई मनातल्या मनात चाळीस आकडे मोजेपर्यंत श्वास धरायची. मी विसाला गटांगळ्या खायचे. "तुझा सगळा दम बोलण्यात जातो, बडबडे," ती म्हणायची. माझं 'बडबडे' हे नाव तिनेच पाडलं आणि मग साहेबांपासून झाडूवाल्या मामांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. वाईट म्हणजे ते खरं होतं.

शिकवताना ती कधी कौतुक करायची नाही. काप चांगला आला की "हं" म्हणायची आणि वाईट आला की "बघ" म्हणायची, आणि त्या 'बघ'ने मला दोनदा रडवलंय. स्वतःचा ब्रश कुणाला देत नसे. मी एकदा न विचारता घेतला तर तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर एक नवा ब्रश ठेवलेला. तिचं प्रेम असं मागच्या दाराने यायचं. मला ते समजायला चार-पाच वर्षं लागली, कारण मी मुळात उतावळी.

लग्न तिचं राहून गेलं. का, ते मी विचारलं नाही, म्हणजे विचारलं होतं, पण तिने उत्तर दिलं नाही. धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब गेला तो तिकडचाच झाला. घरात ताई आणि तिची आई, दोघीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई शाळेचे गणवेश शिवायच्या. खिडकीशी त्यांचं मशीन आणि भोवती निळ्या कापडाचे गठ्ठे. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या जितक्या बोलक्या तितकी लेक घुमी. "मी कापड कापते, ही माणसं कापते, घराणंच कापाकापीचं," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

काकूंना शुगर होती, मी ओळखायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून. तिचंही त्यांनी हसंच केलेलं. "मी मुळातच गोड, डॉक्टरांना उशिरा कळलं," म्हणायच्या आणि चोरून बिस्किट खायच्या. ताई डबे लपवायची, त्या शोधून काढायच्या. पिंडऱ्या दुखायच्या, नजर कमी झाली होती, सुई ओवायला मी नाहीतर ताई लागायची. शुगरचं दुखणं म्हणजे डोळे, पाय आणि किडनी, एवढं आम्हा दोघींना पाठ होतं. फुफ्फुस त्या यादीत नव्हतं.

मग त्यांना दम लागायला लागला. बसल्याजागी काही नाही, मशीन तासन्‌तास चालवायच्या. पण बाजारातून येऊन जिना चढायला लागल्या की पहिल्याच वळणावर थांबायच्या. ताईने सगळं रीतसर केलं. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. हृदयाची पट्टी काढली, ठीक. फुंकर मारायची चाचणी केली, तीही बरी आली. एक डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, दुसरे म्हणाले वय आहे. ताईचा जन्म रिपोर्टांच्या कारखान्यात गेला. रिपोर्टात आलं ते आहे आणि नाही आलं ते नाही, हा आमच्या जमातीचा पक्का विश्वास. बाहेरचा माणूस निदान शंका तरी घेतो.

त्या सुमाराची एक गोष्ट मला अजून टोचते. मी त्या दोघींबरोबर त्यांच्या घरी चालले होते. काकू पहिल्या वळणावर थांबल्या आणि तिथल्या फळ्यावरची पाण्याची नोटीस वाचायला लागल्या. दुसऱ्या वळणावर पुन्हा तीच नोटीस, पुन्हा वाचायला उभ्या. मी आपली शहाणी. म्हटलं, "काकू, परीक्षा आहे का? अशाने पाठ होईल ती." काकू हसल्या, पण हसायलाही त्यांना वेळ लागला. ताई तोवर वर जाऊन कुलूप उघडत होती.

पुढे कुठल्याशा फोटोत फुफ्फुसाच्या कडेला एक बारीक डाग दिसला. ऑपरेशन झालं, तुकडा निघाला आणि आमच्याच लॅबमध्ये आला. मी म्हटलं, ताई, मी करते. ती म्हणाली, "माझ्या आईला दुसरं कोण हात लावणार?" फुफ्फुसाचा तुकडा बाटलीत बुडत नाही. बाकी शरीराचे तुकडे तळाशी जातात, हा हवेमुळे वर तरंगतो आणि वरची बाजू कोरडी पडते, म्हणून त्यावर ओला कापूस दाबून ठेवायचा असतो. ताई त्या दिवशी कापसावर दोन बोटं टेकवून कितीतरी वेळ उभी होती. चिमट्याने दाबायची आमची पद्धत, बोटांनी कुणी दाबत नाही. मी बाहेर जाऊन चहा आणला, तो तिने घेतला नाही.

रिपोर्ट आला: जुन्या जखमेची साधी गाठ, कॅन्सर नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांचे डोळे त्या डागावर होते. डागाच्या कडेने आलेलं चांगलंसं दिसणारं फुफ्फुस कुणी कशाला बघेल? पाच महिन्यांनी काकूंना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत त्या गेल्या. गणवेशांचा शेवटचा गठ्ठा ताईने रजा काढून स्वतः पुरा केला. बाह्या जरा वाकड्या लागल्या होत्या, मीच उसवून दिल्या.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात ताईलाही शुगर निघाली. ती गोळ्या घ्यायची, वेळेवर जेवायची, या बाबतीत आईच्या अगदी उलट. पण गेल्या दोनेक वर्षांत तिचे काप दुमडायला लागले. ती म्हणायची पातं बोथट आहे, मेण हलकं आलंय, पाणी जास्त तापलंय. मी सगळं बदलून दिलं. मग एक दिवस मी गुपचूप तिच्याबरोबर आकडे मोजले. सतराला तिचा श्वास सुटला. दुसऱ्या दिवशी सोळाला. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही यावरूनच तिला कळलं.

अशात आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण डोकं तल्लख. त्यांना शुगरच्या माणसांच्या फुफ्फुसांवर काम करायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावून सांगितलं. ते पाहूनच मी गार झाले, आम्हाला कुणी समजावत नसे.

"रक्तात साखर जास्त झाली की ती प्रथिनांना चिकटते," मॅडम म्हणाल्या. "फुफ्फुस ताणायचं आणि पुन्हा जागेवर आणायचं काम करणारे धागे असतात ना, ते त्यामुळे एकमेकांना जखडतात आणि कडक होतात. हवेची पिशवी आणि रक्ताची बारीक नळी, यांच्यामधली भिंत एरवी केसाच्या शंभराव्या भागाएवढी असते. ती हळूहळू जाड होते. मग प्राणवायूला पलीकडे जायला वेळ लागतो."

"मग माणसाला कळत कसं नाही?" मी विचारलं.

"फुफ्फुसात शिलकीची जागा भरपूर असते. बसलेल्या माणसाला काहीच होत नाही. जिना चढायला लागला की कळतं. आणि तिथे झाडलोट करणाऱ्या पेशी असतात, धूळ, जंतू गिळणाऱ्या. साखरेने त्या सुस्तावतात. म्हणून अशा माणसाला न्यूमोनिया झाला की आवरणं कठीण जातं."

ताई कधी डॉक्टरांना प्रश्न विचारायची नाही. त्या दिवशी तिने विचारला. "हे छातीच्या फोटोत दिसतं?"

"नाही हो. एवढीशी भिंत फोटोत काय दिसणार?"

"हृदयाच्या पट्टीत?"

"नाही."

"फुंकर मारायच्या चाचणीत?"

"तीही पुष्कळदा जवळपास ठीक येते. वायू रक्तात किती उतरतो त्याची वेगळी चाचणी असते, पण ती सांगतंय कोण?"

ताईने मान हलवली आणि उठून हात धुवायला गेली. हात स्वच्छ होते.

मॅडमना जुने ब्लॉक हवे होते, शुगर असलेल्यांचे आणि नसलेल्यांचेही, गाठीच्या कडेला चांगलं फुफ्फुस आलंय असे. रेकॉर्डवाल्या काकांनी साठ नंबरांची यादी काढली. कुणाला शुगर होती आणि कुणाला नव्हती, ते काकांच्या वहीतच राहणार होतं. मॅडमना आधी कळू द्यायचं नाही, म्हणजे त्यांची नजर आधीच एका बाजूला झुकणार नाही. नावं तर कुठेच नाहीत. ब्लॉक शोधून काप काढायचे ताईने, आणि स्लाइडवर नवे आकडे टाकायचे मी.

यादीवरून बोट फिरवत फिरवत ताई मधेच थांबली. नंबर वाचायची तिला गरज नव्हती, तो तिला पाठ होता. मलाही होता.

तळघरातल्या कपाटातून तो ब्लॉक निघाला तेव्हा आम्ही दोघींनी खिडकीशी नेऊन पाहिला. त्या वेळी डाग नीट कळावा म्हणून पुन्हा पुन्हा काप काढले होते, त्यामुळे ब्लॉक तळाला आला होता. मेणात एक करडी चकती उरलेली, नखाएवढी आणि कागदाहून पातळ. सुरुवातीचा खडबडीत थर उडवला की हाती लागणार चार, फार तर पाच काप. त्यानंतर वहीत लिहायचं, 'ब्लॉक संपला'.

"लिहून टाक ना, पुरेसं नाही म्हणून," मी म्हटलं. "साठातला एक गेला तर मॅडम काय रडत बसणार आहेत?"

"खोटं लिहू?"

"खोटं कुठे? काय उरलंय त्यात?"

"पाच काप उरलेत. पाच म्हणजे पुरेसे आहेत, तूही जाणतेस." ताईने ब्लॉक पुन्हा डबीत ठेवला. "संपला की मग काहीच नाही गं. तिच्या साड्या मी देऊन टाकल्या. मशीन विकलं. एवढंच होतं, इथे खाली, मला माहीत होतं की आहे."

अकरा वर्षं रोज त्या तळघरावरच्या मजल्यावर ती काम करत होती आणि मनात हे होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ब्लॉक तिने आठ दिवस फ्रिजमध्ये, आमच्या बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवला. बाकीचे एकोणसाठ कापून झाले. मॅडम दोनदा विचारून गेल्या. मधे एक दिवस मी ताईबरोबर तिच्या घरी गेले, कारण ती दुपारी जेवली नव्हती आणि माझा तिच्यावर विश्वास नव्हता. पहिल्या वळणावर ताई थांबली. फळ्यासमोर उभी राहिली. फळ्यावर त्या दिवशी काहीच लावलेलं नव्हतं. ती रिकामा फळा वाचत उभी होती आणि तिचे खांदे वरखाली होत होते. मी एक पायरी खाली तशीच थांबले. या वेळी मी काही विनोद केला नाही.

वर गेल्यावर ती पाणी प्याली आणि मग बोलायला लागली. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"मी तिला काय म्हणाले होते, माहितेय तुला? मावशीकडे जायचं होतं तिला. मावशी चौथ्या मजल्यावर राहायची, बरी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर आई बसली. म्हणाली, मला श्वास पुरत नाहीये गं. मी म्हटलं, आई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, दम तुझ्या मनात आहे. बरोबरच्या बायका ऐकत होत्या. ती उठली आणि चढली. त्यानंतर तिने 'दम लागतो' असं माझ्यापुढे कधी तोंडातून काढलं नाही. नोटीस वाचायची. चप्पल नीट करायची. पिशवीत किल्ली शोधायची. किल्ली तर माझ्याकडे असायची, बडबडे."

मला रडू आलं. ती रडली नाही.

"कापून काय होणार आहे, ताई? काकू परत येणार आहेत?" मी जरा जोरातच म्हणाले. मला घाबरायला झालं की माझा आवाज चढतो.

"नाही येणार. पण अकरा वर्षं मी तिच्याशी भांडतेय. रोज. कधी म्हणते, तूच उगीच करत होतीस. कधी म्हणते, मी चुकले. मला तिला एकदा विचारायचंय, त्या जिन्यात तुला काय होत होतं? विचारायला आता एवढी एकच जागा उरलीये."

"आणि भिंत पातळ निघाली तर?"

"तर माझं बरोबर होतं."

"आणि जाड निघाली तर?"

तिने पेला धुऊन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये येऊन तिने फ्रिज उघडला.

ब्लॉक गार करून तिने मशीनला लावला. नवं पातं बसवलं, चाक दोनदा रिकामं फिरवून पाहिलं. मग अगदी सावकाश, एकेक फेरा. खडबडीत थर निघून गेला. मग पहिला पुरा काप सुटला, दुसरा त्याला चिकटून, तिसरा, चौथा. पाचव्याला चकती अर्धीच आली आणि सहाव्या फेऱ्याला नुसतं पांढरं मेण. ताईने चाकाला कडी घातली. "संपला," ती म्हणाली, आणि चार कापांची ती पट्टी ब्रशने पाण्यावर सोडली.

"दम धर," ती म्हणाली. खोलीत मी एकटीच होते.

तिने पट्टीचे मधोमध दोन भाग केले. पहिली स्लाइड पाण्यात घातली आणि मी मोजायला लागले. नऊ. दहा. काप स्लाइडला लागायला थोडी सुरकुती बाकी होती. बारा. चौदाला तिचा श्वास सुटला, खोकल्यासारखा, आणि दोन्ही काप एकमेकांवर दुमडून त्यांचा बारीक बोळा झाला. ते पाण्यावर फिरत राहिले. ती तो बोळा उचलायला गेली, मग थांबली. त्याचं काही होणार नव्हतं, ते आम्हा दोघींना कळत होतं.

मग तिने आपला ब्रश माझ्यापुढे धरला. "तू उचल तिला."

"ताई, माझा दम विसाचा…"

"माझा चौदाचा आहे. उचल."

ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी श्वास घेतला आणि रोखला. किती आकडे झाले ते मोजलेच नाहीत. मी काकूंशी बोलत होते मनात, काकू, हलू नका, काकू, एवढं ऐका. स्लाइड वर आली तेव्हा दोन्ही काप सपाट होते. मी वळून पाहिलं तर ताई भिंतीला हात टेकून धापा टाकत होती. इतका वेळ तीही श्वास रोखून उभी राहिली होती, तिकडे कोपऱ्यात, काही गरज नसताना.

साखर जिथे जिथे असते तिथे गुलाबी चढवणारा एक रंग आमच्याकडे असतो. त्या रंगातून काढलेली स्लाइड आधी फिकीच दिसते, कोमट पाण्याच्या नळाखाली धरली की मग गुलाबी चढत जातो. ताईने ती नळाखाली दहा मिनिटं धरली. वाळवली, झाकली, आणि मी तिच्यावर आकडा घातला, सत्तावीस. स्लाइड तिने स्वतः पाहिली नाही. आमच्याकडे साधी दुर्बीण, म्हणजे मायक्रोस्कोप, असतेच, ती हाताशी होती. "मी बघितलं तर मला हवं तेच दिसेल," ती म्हणाली.

मॅडम दोन दिवस एकेक स्लाइड बघून मोजमापं लिहीत होत्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ताई काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीत गेली. ती गेली म्हणून मीही गेले. सव्विसावी झाली. मॅडमनी सत्ताविसावी लावली, बराच वेळ बघितली, दोनदा मोजलं.

"रंग छान चढलाय याला," त्या म्हणाल्या. "या भिंती बघा, केवढ्या जाड आहेत. नळ्यांच्या भोवतीसुद्धा. एका स्लाइडवरून मी काही ठामपणे सांगणार नाही हं, नेमकं मोजायला मोठं यंत्र लागतं. पण माझ्या मते ही शुगरवालीच असणार." मग दुर्बिणीतून डोळा न काढता त्या आपल्याशीच पुटपुटल्या, "बिचारीला जिना चढताना चांगलाच दम लागत असेल."

"लागत होता," ताई म्हणाली.

मॅडमनी डोळा काढला. ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या हुशार होत्या. खुर्चीवरून उठल्या आणि ती ताईच्या मागे सरकवली.

ताई बसली. दुर्बिणीला डोळे लावले. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती नुसती बघत राहिली. स्लाइड केसभर सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची. आम्ही दोघी उभ्या होतो. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते पार लांब जाईपर्यंत ती बघत होती.

"मॅडम," तिने डोळे न हलवता विचारलं, "तेव्हा कळलं असतं, तर काय करता आलं असतं हिच्यासाठी?"

खोटा धीर द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. "झालेली भिंत पुन्हा पातळ करायचं औषध आजही नाही, ताई. साखर आवरायची. रोज थोडं थोडं चालायचं. न्यूमोनियाची लस द्यायची."

"आणखी?"

"आणखी काय… दम लागतोय म्हणाल्या की खरं मानायचं. जिन्यात बसू द्यायचं, त्यांच्याजवळ बसायचं. दोन मिनिटांत जागेवर येतो श्वास."

ताईने डोळे वर केले. दुर्बिणीच्या कडांचे दोन गोल तिच्या डोळ्यांभोवती उमटले होते.

"एवढं तर मला जमलं असतं," ती म्हणाली.